मोजणीसाहेबांची लांडगी

मी चुकीचा ऊस पेटवला.

यात कुणाचा कट नव्हता, दारू नव्हती, भाऊबंदकी नव्हती. शेजारी शेजारी दोन फड होते. एक पेटवायचा होता, एक ठेवायचा होता. ठेवायचा तो मी पेटवला. काडी मीच ओढली. साखर कारखान्याचा चिटबॉय होतो मी, म्हणजे कुणाचा ऊस कधी तुटणार त्याची चिठ्ठी फाडणारा माणूस. गावात मला बघितलं की लोक चहा सांगायचे. ज्याच्या हातात चिठ्ठी असते त्याला डावं-उजवं कळत असणार, असं लोक धरून चालतात.

त्या फडात एका लांडगीची पिल्लं होती, आणि त्या पिल्लांसाठी एक म्हातारा रोज सकाळी देवाशी बोलत होता. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर आज हे लिहायला बसलो नसतो.

त्या म्हाताऱ्याला सगळा भाग मोजणीसाहेब म्हणायचा. मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. उभी हयात इंदापूर तालुक्यातल्या जमिनी मोजण्यात गेली. निवृत्त झाल्यावर निमगाव केतकीच्या बाहेर, कळंबच्या बाजूला, मुरमाड माळाला लागून त्यांनी दोन खोल्या बांधल्या. एकीत ते राहायचे, दुसरीत भाडेकरू. नव्वदच्या दशकातली तीन वर्षं तो भाडेकरू मी होतो.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही. दारात उभं राहून पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाले, "पाच फूट पाच."

"सहा हाय साहेब," मी म्हणालो.

"चप्पल काढ."

काढली. पाच फूट पाचच भरलो.

जवळ आणि लांब हे दोन शब्द त्यांच्या तोंडी कधी आले नाहीत. मीठ कुठंय विचारलं तर "तुझ्या डाव्या कोपरापासून दीड फूट." बारामतीची यष्टी गेली का विचारलं तर "गेली. पण तू पळालास तर वळणावर मिळेल, मोजणीच्या अकरा साखळ्या आहेत." मी पळायचो आणि ती मिळायची. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. सकाळी मी "जय भीम साहेब" म्हणायचो, ते "सलाम" म्हणायचे, आणि दोघांचं भागायचं.

बांधावरची भांडणं मोजून मोजून त्यांच्या मनात माणसाविषयी फारसा आदर उरला नव्हता. म्हणायचे, "तीस वर्षं मी लोकांना त्यांची हद्द दाखवली. एका बाजूनं शिव्या आल्या की वाटायचं, चुकलं काहीतरी. दोन्ही बाजूंनी आल्या की समजायचो, मोजणी बरोबर आहे." देवाविषयीही बरीच वर्षं त्यांचं असंच काहीसं होतं. जन्मानं ख्रिस्ती, सवयीनं ख्रिस्ती आणि मधली बारा वर्षं नुसते रागानं ख्रिस्ती. बायको आजारी पडली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात तीन दिवस गुडघ्यावर बसून त्यांनी प्रार्थना केली होती. चौथ्या दिवशी ती गेली. त्यानंतरही ते दर रविवारी बारामतीच्या चर्चला जायचे, पण शेवटच्या बाकावर बसायचे. गाण्याच्या वेळी तोंड बंद, प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे. "डोळे मिटले असते तर भांडण झालं असतं," म्हणायचे. "चर्चमध्ये तमाशा नको."

तर अशा माणसाला देव परत सापडला तो उलटा.

म्हणजे असं. त्यांच्याकडे मोजणीची एक जुनी दुर्बीण होती, खात्यानं मोडीत काढलेली. तीन पायांच्या घोडीवर बसवायची, पितळी नळीची. या जुन्या दुर्बिणींत सगळं उलटं दिसतं. झाड मुळं वर करून उभं, माणूस डोक्यावर चालतोय. मी पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा दचकून मागं सरलो.

"साहेब, बिघडलीया ही."

"बिघडलेली नाही. सरळ दाखवणाऱ्याही मिळतात. पण त्यांत भिंगं जास्त, उजेड कमी. मला उजेड हवा. सरळ काय, मन करून घेतं." मग बोट वर करून त्यांनी धडा दिल्यासारखं सांगितलं, "ध्यानात ठेव. वरचं खाली दिसतं, खालचं वर. आणि डावं उजवीकडं दिसतं, उजवं डावीकडं."

मी मान हलवली. मला आयुष्यात कुणीही काहीही समजावून सांगितलं की मी मान हलवतो. कारखान्यात त्यावरच बढती मिळाली होती.

निवृत्तीनंतर एकदा ते दोघा भावांच्या वादातला हद्दीचा दगड बघत माळावर उभे होते. दुर्बिणीत दगड आला, आणि दगडाच्या पलीकडून एक लांडगी चालत गेली. पाय आभाळात, पाठ जमिनीकडं, तोंडात ससा. शेपूट अर्धीच, कुत्र्यांनी तोडली असावी. साहेबांनी तिला नाव दिलं बांडी. दोघे भाऊ तिथंच भांडत राहिले आणि साहेब दगड सोडून तिच्या मागं दुर्बीण फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी गेले. मग रोजच.

पुढच्या उन्हाळ्यात अकरा दिवस बांडी दिसली नाही. पाणवठे आटले होते. बाराव्या सकाळी टेकाडावर दुर्बिणीला डोळा लावून बसले असताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "असू दे रे." एवढंच. पुढं नाव नाही, मागं आमेन नाही. आपण कुणाला बोललो हे ध्यानात आल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला, असं ते सांगायचे. सामान गुंडाळायला उठले, तर खालच्या ओघळीत उरलेल्या चिखलाशी बांडी पाणी चाटत उभी.

"योगायोग आसंल साहेब," हे ऐकून मी म्हणालो.

"असेल. मीही महिनाभर तेच म्हणत होतो." मग म्हणाले, "बायकोसाठी मी मागितलं नव्हतं रे. हुकूम सोडला होता. मी इतकी वर्षं येतो, तू एवढं करायलाच पाहिजेस, असा. लांडगीसाठी पहिल्यांदा मागितलं. ती तर माझी कुणीच नव्हती. आणि दुसरं, तिच्याकडं बघून मला कळलं, उत्तर 'नाही' असलं तरी दुसऱ्या दिवशी उठून परत जायचं असतं. ती किती वेळा धावते नि रिकामी परत येते, मी बघितलंय."

महिन्याभरानंतरच्या एका रविवारी चर्चमध्ये, आभार मानायची वेळ आली तेव्हा, शेवटच्या बाकावरचे मोजणीसाहेब बारा वर्षांनी उभे राहिले. सगळ्यांनी माना वळवल्या. साहेब खणखणीत आवाजात म्हणाले, "माळावरच्या लांडगीला पाणी मिळालं. प्रभूचे आभार."

मंडळीत बऱ्याच जणांच्या शेळ्या होत्या. कुणी आमेन म्हणेना. बाहेर आल्यावर पाळकांनी त्यांना बाजूला घेतलं. "मोजणीसाहेब, अहो, आपला प्रभू मेंढपाळ आहे."

"म्हणूनच," साहेब म्हणाले. "मेंढरांसाठी अख्खी मंडळी बसलीय. तिच्यासाठी बोलायला कोण आहे?"

पाळक बिचारे भले गृहस्थ. पुढं एकदा माळावर आले, दुर्बिणीत बघून "अरे देवा, उलटी आहे," म्हणाले आणि टोपी काढून छोटीशी प्रार्थनाही करून गेले. ती लांडगीसाठी होती की साहेबांसाठी, हे त्यांनी सांगितलं नाही.

आता डोळ्यांचं. मी राहायला गेलो त्याच वर्षी साहेबांना दुर्बिणीत कडेनं काळं दिसायला लागलं. त्यांनी दुर्बीण पुसली. मग भिंगं काढून पुसली. मग पुण्याला पाठवून दुरुस्त करून आणली. यात आठ महिने गेले. शेवटी मी त्यांना बारामतीला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. येताना यष्टीत साहेब खिडकीशी बसले होते. माळेगावच्या कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या बैलगाड्या एकामागून एक मागं पडत होत्या. निम्म्या रस्त्यात म्हणाले, "दुर्बीण चांगली होती. उगाच बिचारीला दोष दिला."

त्या हिवाळ्यात त्यांना समोरचा माणूस सावलीसारखा दिसायचा आणि दुर्बिणीत काहीच नाही. तरी सकाळी टेकाड चुकलं नाही. डोक्यावर जुनी सोला टोपी, खांद्यावर घोडी, बगलेत पितळी नळी आणि मागं मी. डोळा लावायचं काम माझं. ते शेजारी दगडावर बसायचे आणि म्हणायचे, "सांग."

पहिल्याच दिवशी मी ओरडलो, "साहेब, लांडगा! लांडगा!"

"शेपूट?"

"हाय की. वर वळल्याली."

"लांडग्याची शेपूट वर वळत नाही. ते तात्यांचं कुत्रं आहे."

ते तात्यांचं कुत्रंच होतं. तात्या म्हणजे टेकाडाखालच्या दोन फडांचे मालक. टेकाडावरून समोर बघितलं की डावीकडं बाभळीचा फड, उजवीकडं विहिरीचा फड, मध्ये बांध. ही गोष्ट तात्यांनी त्या दिवशी अख्ख्या पारावर सांगितली. "आमचा चिटबॉय," म्हणाले, "माझ्या मोत्याला लांडगा म्हनला. उद्या मला बिबट्या म्हनंल."

बांडीला त्या साली पिल्लं झाली ती माळावरच्या बिळात. पण मेंढ्यांच्या कळपाची कुत्री तिथं घुटमळायला लागली, आणि एका सकाळी तिनं पिल्लं हलवली. ते मी बघितलं. एकेक पिल्लू मानेला धरून ती उतारावरून खाली गेली आणि उसात शिरली. परत आली, परत गेली. चार फेऱ्या. दुर्बिणीच्या गोल चकतीत फक्त बांध मधोमध आणि दोन्हीकडं ऊस. विहीर नाही, बाभळ नाही, बाकी काहीच नाही. ती पाय वर करून चालत होती आणि मी मनातल्या मनात तिला सरळ करत होतो. मला त्याचा फार अभिमान वाटत होता.

"कुठल्या फडात?" साहेबांनी विचारलं.

"उजव्या."

"म्हणजे विहिरीच्या?"

"व्हय."

"नक्की?"

"साहेब, डोळं हायती मला."

हे वाक्य मी बोललो. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं.

साहेबांनी टोपी काढली. अशा वेळी ते गुडघ्यावर वगैरे बसत नसत. दगडावरच सरळ बसायचे आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तसं बोलायचे. म्हणाले, "प्रभू, मला दिसत नाही. ही चार पिल्लं आपल्या पायांनी उसातून बाहेर पडेपर्यंत मला डोळे दे. एवढंच मागतो. त्यानंतरचं तुझं तू बघ."

मला वाटलं, डोळ्यांत घालायच्या थेंबांविषयी चाललंय.

तात्यांच्या दोन्ही फडांची तोड आली होती. बीडकडची टोळी गावात उतरली होती. पाचट पेटवून दिलं की तोडणी झपाट्यानं होते आणि जळालेला ऊस कारखान्याला लगेच उचलावा लागतो. नियमात बसत नसलं तरी सगळीकडं हेच चालायचं. मी तात्यांच्या वस्तीवर गेलो आणि माझ्या हुशारीचा नमुना त्यांच्यापुढं ठेवला: एक फड पेटवून टोळीला कामाला लावायची आणि विहिरीचा फड तीन आठवडे तसाच ठेवायचा. तोवर पिल्लं हिंडायला लागतील.

"उभा ऊस वाळतुया, वजन घटतंय," तात्या म्हणाले. "लांडग्यापायी?"

"साहेबांपायी."

 एकदा मोजणीत साहेबांनी तात्यांचा शेजाऱ्यानं गिळलेला बांध परत काढून दिला होता. "मग ऱ्हाऊ दे. साहेबांच्या शब्दाला न्हाय म्हनवत न्हाय. पन माझी एखादी शेळी गेली तर तुला दाव्याला बांधीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना टेकाडावर बसवून मी खाली उतरलो. टोळी मुकादमासकट बाजूला थांबली होती. वारा पडलेला. तात्यांनी काडेपेटी माझ्या हातात दिली. "तूच लाव बाबा. सोताच्या पिकाला सोताच्या हातानं आग लावायला मला जमत न्हाय."

टेकाडाकडं पाठ करून मी उभा राहिलो. उजवीकडं विहीर. डावीकडं बाभळ. मोठ्या आवाजात म्हणालो, "हा डावा पेटवायचा, त्यो उजवा ठेवायचा." आणि काडी ओढली.

ऊस पेटतो तो हळूहळू नाही. आधी चुरचुर, मग एकदम पत्र्यावर गारा पडाव्या तसा आवाज, आणि भिंत उभी राहावी तशी आग. दोन ससे सुटले, एक रानमांजर सुटलं. वर घारी गोल फिरायला लागल्या. मी तात्यांना सांगत होतो की माणसानं जरा डोकं चालवलं तर माणसाचंही भागतं आणि जनावराचंही.

तेव्हा माळावरून बांडी पळत आली.

तिला मी कित्येक आठवडे बघत होतो, पण कायम उलटी. साध्या डोळ्यांनी, पाय जमिनीवर आणि पाठ वर अशी, त्या सकाळी पहिल्यांदाच बघितली. इतक्या माणसांत ती सरळ आली. आगीच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली, परत फिरली, परत पळाली. एकदा आत शिरली आणि भाजून बाहेर आली. तोंडातून आवाज काढला नाही.

तात्या म्हणाले, "आरं, ही हितं का घिरट्या घालतीया? हिचं घर तितं हाय म्हनलास न्हवं?"

मी विहिरीच्या फडाकडं बघितलं. तो हिरवागार, थंड उभा होता.

पाव तासात सगळं विझलं. बांडी निघून गेली होती. बांधाच्या कडेला, उसाच्या आत, साळिंदराचं जुनं बीळ होतं. टोळीतल्या एका बाईनं राखेत कोयता टेकवून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "अवो मुकादम, कुत्र्याची पिल्लं न्हायती ही." बिळाच्या तोंडाशी तीन होती. धूर आत आला म्हणून बाहेर पळाली असावीत. मी पोटावर आडवा झालो आणि बिळात खांद्यापर्यंत हात घातला. माती गरम होती. हाताला काही लागलं नाही; बीळ पुढं आणखी आत गेलं होतं.

टेकाड चढताना मला वाटत होतं, ते संपूच नये. साहेब दगडावर होते, तोंड धुराकडं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"चौथं?"

"सापडलं न्हाय."

"सापडलं नाही, की नाही?" ते म्हणाले. "हे दोन वेगळे शेरे आहेत."

"सापडलं न्हाय."

मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी दुर्बिणीत ती कुठल्या बाजूला शिरली?"

"उजव्या."

"दुर्बिणीत उजव्या?"

मी मान हलवली. मग त्यांना ती दिसत नाही हे आठवलं आणि "व्हय" म्हणालो.

"वरचं खाली होतं, ते तू सरळ केलंस. सगळेच करतात, ते डोळ्यांत खुपतं ना. डाव्याउजव्याचं खुपत नाही, ते राहून जातं." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "माझ्या हाताखाली किती मोजणीदार शिकले. प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हा प्रश्न दोनदा विचारायचो. तुला एकदाही विचारला नाही. मला हवं ते तू बोललास, आणि मी ऐकून घेतलं."

खाली येऊन त्यांनी तिन्ही पिल्लं हातानं चाचपली. डोकं, कान, पाय. प्रत्येकाची शेपूट बोटांत धरून बघितली. "पूर्ण आहेत शेपट्या," म्हणाले. खड्डा मी खणला. दोन फूट लांब, दीड रुंद, त्यांनी सांगितला तसा. तात्यांनी टोपी काढून हातात धरली. साहेबांनी माती लोटली. प्रार्थना नाही. मी वाट बघत होतो. तेही कशाची तरी वाट बघत असावेत. मग आम्ही घरी आलो आणि त्यांनी हात धुतले. मोरीतलं पाणी काळं गेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दारावर काठी वाजली. "चल."

"कुठं साहेब?"

"टेकाडावर. जायचं असतं."

आठ दिवस आम्ही गेलो. मी दुर्बिणीला डोळा लावायचो, ते "सांग" म्हणायचे, मी सांगायचो: टिटवी. दोन खोकडं. तात्यांचं कुत्रं. बांडी नाही. ते प्रार्थना करीत नव्हते. पाचव्या दिवशी मी न राहवून विचारलं. म्हणाले, "मागून झालंय. डोळे मागितले होते, ते मिळाले. तुझे. आता त्याला परत काय सांगू, हे नकोत म्हणून?"

हे ऐकून मी दोन दिवस जेवलो नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. जेवलो. 

आठव्या दिवशी मी म्हणालो, "साहेब, मागायचं कसं असतंय?" आमच्या घरात ही विद्या नव्हती. आजोबांनी छप्पन साली देव्हारा उचलून कालव्यात सोडला तो सोडला. त्यानंतर आमच्याकडं बुद्धवंदना होती, शिक्षण होतं, मागणं नव्हतं. ते बरंच होतं, असं मला अजूनही वाटतं. पण त्या आठवड्यात मला दुसरं काही सुचत नव्हतं.

"हवं ते सांगायचं," साहेब म्हणाले, "आणि मग गप्प बसायचं. पहिलं कुणालाही जमतं."

साहेबांना जाऊन आता खूप वर्षं झाली. शेवटचं वर्ष पूर्ण अंधारात काढलं त्यांनी. तरी बारामतीला रविवारी जायचे, माझ्या खांद्यावर हात ठेवून, आणि पुढच्या बाकावर बसायचे. दुर्बीण मला दिली. मी तिच्यावर डाव्या अंगाला खडूनं "उजवं" लिहिलंय आणि उजव्या अंगाला "डावं". लोक हसतात.

पण ते नंतरचं. नवव्या सकाळी थंडी होती. मी डोळा लावला. ओठ हलवून, आवाज न करता, मला हवं होतं ते सांगितलं. कुणाला, ते मला ठाऊक नव्हतं; साहेबांच्याच पत्त्यावर पाठवून दिलं. आणि गप्प बसलो. दुसरं खरंच अवघड असतं.

चकतीच्या कडेनं काहीतरी आत आलं. पाय वर, पाठ खाली. अर्धी शेपूट. एक कूस भाजून केस गेलेले. ती थांबली, मागं वळून बघितलं, आणि तिच्या मागून गवतातून एक लहानसं, काळपट, अडखळत चालणारं आलं. ते तिच्या पायांत येऊन पडलं, उठलं आणि परत चालायला लागलं. आपल्या पायांनी.

मी तीनदा डोळा काढला, तीनदा लावला. उजवा हात वर करून हा उजवा याची खात्री केली. मग म्हणालो, "साहेब. बांडी. आणि चौथं."

ते उठून उभे राहिले. "कुठं?"

"दुर्बिणीत उजवीकडं. म्हंजी डावीकडं. ओघळीच्या अंगाला. चाललीत दोघं, माळाकडं."

"पिल्लू तोंडात आहे?"

"न्हाय साहेब. चालतंय."

साहेबांनी टोपी काढली. ओघळीकडं तोंड करून, दिसत नसलेल्या डोळ्यांनी ते बराच वेळ उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तीन तुझ्याकडं आहेत. एक आमच्याकडं ठेवलंस. आभारी आहे." आणि आमेन म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. माझ्याही वाहत होतं, त्यामुळं दुर्बिणीत आता काहीच दिसत नव्हतं, उलटं नाही की सरळ नाही.

मी त्यांचा हात धरला. म्हणालो, "साहेब, म्हंजी तुमचा माज्यावर इस्वास हाय अजून."

"देवावर आहे," साहेब टोपी घालत म्हणाले. "उद्या येताना तात्यांना घेऊन ये. त्यांना त्यांचं कुत्रं ओळखता येतं."